कॅनडाला बिझनेस शिकायला निघण्याआधी

बीकॉमच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांत कॅनडाचा विषय निघतोच. वरच्या मजल्यावरचा कुणी ब्रॅम्प्टनला असतो, कुणाची आतेबहीण मिसिसागाला नोकरीला लागलेली असते. त्यांचे फोटो बघून आपल्याही मुलाने, मुलीने जावं असं आईवडिलांना वाटू लागतं. तसं वाटण्यात गैर काहीच नाही. पण ही मंडळी ज्या नियमांवर गेली ते नियम आता उरलेले नाहीत. २०२१-२२ साली गेलेल्या चुलतभावाचा सल्ला प्रेमाचा असेल, तरी आज तो उपयोगाचा नाही.

माझं मत आधीच सांगते. चांगल्या सार्वजनिक विद्यापीठाची पदवी आणि कागदावर दाखवता येईल असा पैसा, या दोन्ही गोष्टी जमत असतील तरच बिझनेस शिकायला कॅनडाला जावं. दोन्हींपैकी एक जरी जमत नसेल तर थांबावं, किंवा मुंबईतच शिकावं. असं का म्हणते, ते पुढे मांडते.

२२ जानेवारी २०२४ला कॅनडा सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार परवाने ठरले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. पुढे मर्यादा आणखी आवळली गेली, आणि २०२६ साठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचा आकडा १ लाख ५५ हजारांवर आणला आहे. भारतीय मुलांचे अर्ज लवकर निकाली काढणारी ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’ ही सोय ८ नोव्हेंबर २०२४ला बंद झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतातून गेलेल्या अर्जांपैकी साधारण ३२ टक्के नाकारले गेले होते. रॉयटर्सने दिलेल्या माहितीनुसार ऑगस्ट २०२५ मध्ये हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे चार अर्ज गेले तर तीन परत. हे वाचून घाबरून जायचं कारण नाही, पण अर्ज कसा असायला हवा याचा अंदाज यावरून बांधायला हवा.

बिझनेसच्या मुलांना सर्वांत जास्त फटका बसला तो कॉलेज आणि विद्यापीठ यांच्या फरकामुळे. आपल्याकडे पोदार, रुपारेल, कीर्ती, महर्षी दयानंद ही सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली येतात, त्यामुळे कॉलेजात शिकलं की पदवी विद्यापीठाचीच, असं आपण धरून चालतो. कॅनडात कॉलेज ही वेगळी संस्था असते. तिथे मुख्यतः एक-दोन वर्षांचे डिप्लोमे आणि सर्टिफिकेटं मिळतात. मधल्या काळात आपल्याकडची असंख्य मुलं ‘ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंट’, ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ अशा नावांच्या डिप्लोम्यांना गेली, आणि शिक्षण संपल्यावर काम करण्याचा परवाना मिळेल या भरवशावर घरच्यांनी पैसा उभा केला. १ नोव्हेंबर २०२४ पासून ज्यांनी विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज केला, त्यांच्यासाठी हा रस्ता जवळपास बंद झाला. पदवी नसलेल्या अभ्यासक्रमांना आता विषयांची यादी लागू आहे. आरोग्य, शेती, कुशल कारागिरी, तंत्रज्ञान, वाहतूक, शिक्षण अशा क्षेत्रांतले अभ्यासक्रम त्या यादीत आहेत. बिझनेसचे बहुतेक डिप्लोमे त्यात बसत नाहीत. म्हणजे पंचवीस-तीस लाख खर्चून डिप्लोमा हातात येईल आणि कामाचा परवाना मिळणारच नाही.

विद्यापीठाची बॅचलर्स, मास्टर्स किंवा डॉक्टरेट पदवी असेल तर ही यादी लागू होत नाही. मास्टर्सला तर दोन सवलती आहेत. अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा छोटा असला, तरी निकष पूर्ण केले तर शिक्षणानंतरचा कामाचा परवाना तीन वर्षांचा मिळू शकतो. प्रांताकडून घ्यावं लागणारं मान्यतापत्र, जे एजंटांच्या भाषेत ‘पीएएल’, ते सार्वजनिक विद्यापीठातल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना १ जानेवारी २०२६ पासून लागत नाही. बारावीनंतर बॅचलर्सला जाणाऱ्यांना मात्र ते लागतंच. लग्न झालेल्यांनी एक गोष्ट नीट बघावी. नवरा किंवा बायको सोबत नेऊन त्यांना तिथे कामाचा परवाना हवा असेल, तर जानेवारी २०२५ पासून मास्टर्सचा अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा असावा लागतो. एका वर्षात एमबीए उरकतं म्हणून आनंदाने अर्ज भरणाऱ्या जोडप्यांच्या हे उशिरा लक्षात येतं.

आणि भाषेच्या परीक्षेबद्दल. प्रवेशासाठी आयईएल्ट्स ॲकॅडेमिक चालते. पण शिक्षण संपल्यावर कामाच्या परवान्यासाठी इंग्रजीची पातळी पुन्हा दाखवावी लागते, आणि तिथे ॲकॅडेमिक चालत नाही, आयईएल्ट्स द्यायची तर जनरल ट्रेनिंग परीक्षा लागते. विद्यापीठाच्या पदवीधरांना प्रत्येक भागात सहाच्या आसपास बँड हवा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही परीक्षा जड जाते असा समज आहे, पण वर्षभर रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचणारी मुलं ती आरामात पार करतात.

कुठलं विद्यापीठ, कुठली पदवी

कॅनडातलं सर्वांत जुनं बिझनेस स्कूल माँट्रियलचं एचईसी, १९०७ सालचं. आपलं चर्चगेटचं सिडनहॅम १९१३चं. तेव्हा व्यापारशिक्षणाची आपली परंपरा त्यांच्यापेक्षा फार उशिराची नाही, आणि मुंबईची कॉमर्सची मुलं तिथल्या वर्गात अजिबात कमी पडत नाहीत.

नावं घ्यायची तर टोरांटो विद्यापीठाचं रॉटमन, लंडन गावातल्या वेस्टर्न विद्यापीठाचं आयव्ही (हे लंडन ऑन्टारिओतलं), यॉर्क विद्यापीठाचं शुलिक, मॅकगिलचं डेसोटेल्स, किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाचं स्मिथ, व्हँकूव्हरचं सॉडर ही वरच्या फळीतली. आयव्हीत शिक्षण मुख्यतः केस पद्धतीने चालतं. एखाद्या खऱ्या कंपनीची अडचण समोर ठेवतात आणि वर्गात तासभर भांडून उत्तर काढायला लावतात. रॉटमनमध्ये दिलीप सोमण हे मुंबई विद्यापीठातून इंजिनिअर झालेले प्राध्यापक आहेत, आणि माणूस खर्चाचे, बचतीचे निर्णय कसे घेतो या विषयावरचं त्यांचं काम जगभर वाचलं जातं. या फळीखाली अल्बर्टा, कॅलगरी, मॅकमास्टर, सायमन फ्रेझर, हॅलिफॅक्सचं डलहौसी, सेंट जॉन्सचं मेमोरियल ही विद्यापीठं येतात. नाव थोडं कमी गाजलेलं, पण पदवी सार्वजनिक विद्यापीठाची, आणि काहींची फी वरच्यांपेक्षा कितीतरी कमी. मेमोरियलचं गाव वादळी, थंड आणि टोरांटोपासून दूर आहे, तरी पैशाची चणचण असलेल्या घरांनी त्याकडे जरूर बघावं.

एमबीएला बहुतेक ठिकाणी दोन किंवा जास्त वर्षांचा नोकरीचा अनुभव मागतात. नुकत्याच पास झालेल्या मुलांसाठी ‘मास्टर ऑफ मॅनेजमेंट’, ‘मॅनेजमेंट ॲनालिटिक्स’, फायनान्स असे अभ्यासक्रम असतात. मला विचाराल तर निकालानंतर लगेच पळू नये. लोअर परळच्या, बीकेसीच्या ऑफिसात दोन-तीन वर्षं काम करावं, मग एमबीएला जावं. अनुभव असला की स्कॉलरशिप मिळण्याची शक्यता वाढते, तिथे नोकरी शोधताना सांगायला काहीतरी असतं, आणि व्हिसा अधिकाऱ्यालाही हा मुलगा का चालला आहे हे समजतं.

इथेच मुंबई विद्यापीठाच्या बीकॉमवाल्यांची एक अडचण येते. आपली पदवी तीन वर्षांची. कॅनडातली काही विद्यापीठं ती मान्य करतात, काही चार वर्षांची पदवी किंवा वर एमकॉम मागतात, तर काही कॉलेजचं नॅक मूल्यांकन बघतात. संकेतस्थळावर ‘भारत’ या देशापुढे काय लिहिलं आहे ते स्वतः वाचा, आणि शंका असेल तर प्रवेश विभागाला थेट ईमेल करा. ते उत्तर देतात. नव्या शैक्षणिक धोरणाखाली आता चौथं ऑनर्सचं वर्ष करता येतं. आज जे एफवायला किंवा एसवायला आहेत आणि ज्यांच्या मनात बाहेर जायचं आहे, त्यांनी चौथ्या वर्षाचा गंभीरपणे विचार करावा. एका वर्षाची इथली फी तिथल्या महिनाभराच्या भाड्याइतकीही पडत नाही, आणि त्या वर्षामुळे कित्येक दारं उघडतात.

आता फीचं बोलू. रॉटमनच्या पूर्ण वेळ एमबीएची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फी सव्वा लाख कॅनडियन डॉलरच्या पुढे आहे. डॉलर साठ ते पासष्ट रुपयांच्या दरम्यान धरला, तर नुसती फी ऐंशी लाखांच्या आसपास जाते. आपल्याच चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेची दोन वर्षांची फी रॉटमनच्या एका सेमिस्टरच्या फीपेक्षा कमी आहे, आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांना देशातल्या सर्वांत चांगल्या कंपन्या उचलतात. सीईटीला खरोखर चांगला पर्सेंटाइल असेल तर बजाज सोडून कॅनडातल्या मधल्या फळीतल्या विद्यापीठात जाण्यात मला अर्थ दिसत नाही. कॅनडा त्यांच्यासाठी, ज्यांना तिथल्या बाजारात काही शिकायचं आहे.

साधा हिशेब करून बघा. समजा, दोन वर्षांची फी ६० हजार डॉलर आहे. राहण्याखाण्याचा खर्च वर्षाला २३ हजार धरला, तर एकूण १ लाख ६ हजार डॉलर झाले. ६३ रुपयांच्या दराने सुमारे ६७ लाख. त्यातले १७ लाख घरचे आणि ५० लाख कर्ज. साडेदहा टक्के व्याज आणि बारा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साधारण ६१ हजार रुपये येतो, आणि तोही शिकतानाचं व्याज आईवडिलांनी दर महिन्याला भरत राहिलं तर. मुलगी तिथे नोकरीला लागली तर हा हप्ता जड नाही. पण ती परत आली आणि मुंबईत लाखाची नोकरी मिळाली, तर निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात जाणार. हा हिशेब जाण्याआधी कागदावर मांडा, आणि परत यावं लागलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यांच्या समोर द्या.

शिकताना काम करून फी निघेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. ऑन्टारिओत किमान वेतन ताशी १७ डॉलर ६० सेंट आहे. पूर्ण २४ तास काम मिळालं तरी महिन्याला कर कापण्याआधी साडेअठराशे डॉलरच्या आत. त्यात खोलीचं भाडं आणि जेवण निघेल. आणि पूर्ण तास मिळतीलच असं नाही, एकेका दुकानातल्या एकेका जागेसाठी रांगा लागतात.

घर आहे, पण तारण नाही

आमच्या भागातल्या घरांची सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि परदेशी शिक्षणावरच्या पुस्तिकांत ती कुठेच लिहिलेली नसते. मोठ्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँक तारण मागते. साडेसात लाखांपर्यंत सहसा लागत नाही, त्यापुढे लागतं. आणि गिरगावात, लालबागमध्ये, परळमध्ये आपलं घर म्हणजे बहुधा पागडीची खोली. आजोबांच्या नावाची भाडेपावती, वडिलांनी करून घेतलेलं नावांतर, दर महिन्याचं शे-दोनशे रुपये भाडं. बाजारात त्या खोलीची पागडी कोटीत जाते हे खरं, आणि भाडेकरू म्हणून आपल्याला कायद्याचं भक्कम संरक्षणही आहे. पण मालकी आपली नसल्यामुळे बँक ती खोली गहाण घेत नाही. मॅनेजर भाडेपावती हातात घेतो, मागूनपुढून बघतो आणि परत देतो. फाइल तिथेच संपते.

इमारत पुनर्विकासात गेलेली असेल तर प्रश्न आणखी गुंततो. आपण ट्रान्झिटमध्ये किंवा बिल्डरच्या भाड्यावर कुठेतरी राहत असतो, नवा करारनामा झालेला असतो, पण ताबा नसतो. ओसी मिळून सोसायटी उभी राहीपर्यंत ते घर तारण म्हणून बहुतेक बँका धरत नाहीत. म्हाडाकडून गिरणी कामगार म्हणून लागलेलं किंवा बीडीडी चाळीच्या जागी मिळालेलं घर असेल, तर त्यावर विक्रीची बंधनं असतात आणि गहाण ठेवायला परवानग्या लागतात. मग कोकणातली जमीन आठवते. शेतजमीन कर्ज वसुलीच्या कायद्याखाली जप्त करता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला तीही चालत नाही.

मग चालतं काय? डोंबिवली, बदलापूर, विरारला मालकीचा फ्लॅट असलेला काका किंवा मामा सहकर्जदार आणि तारणदार होऊ शकतो. पण त्याला हे काय आहे, हप्ता चुकला तर त्याच्या घराचं काय होऊ शकतं, हे आधी स्पष्ट सांगा. मुदतठेव चालते. एलआयसी पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू चालते. आणि एक मार्ग फार थोड्यांना माहीत असतो. काही सरकारी बँका आपल्या यादीतल्या नामांकित परदेशी विद्यापीठांसाठी तारणाशिवायही मोठी रक्कम देतात. तेव्हा प्रवेशाचे अर्ज भरण्याआधीच दोन-तीन बँकांत जाऊन ती यादी मागा, आणि अर्ज कुठे करायचा ते त्यावरूनही ठरवा. खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय पटकन कर्ज देतात, पण व्याज सरकारी बँकेपेक्षा बरंच जास्त असतं आणि प्रक्रिया शुल्क वेगळं. शेवटचा पर्याय म्हणूनच तिकडे वळा.

पुनर्विकासात मिळालेला कॉर्पस, सेवानिवृत्तीची ग्रॅच्युइटी, आजीचे दागिने, हे सगळं एकाच मुलाच्या एकाच पदवीत घालू नका, ही माझी आईवडिलांना कळकळीची विनंती आहे. नव्या टॉवरचा मेंटेनन्स महिन्याला हजारांत येतो, आणि तो भरायला तो कॉर्पसच असतो.

पैसा दाखवायचा कसा

विद्यार्थी परवान्यासाठी पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्याच्या खर्चाचे २२ हजार ८९५ डॉलर दाखवावे लागतात (क्यूबेक प्रांताचा नियम वेगळा आहे). २०२३ अखेरपर्यंत हा आकडा १० हजार होता, १ जानेवारी २०२४ला तो २० हजार ६३५ झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून आताचा लागू आहे. कॅनडाच्या बँकेत तेवढ्याची ‘जीआयसी’ ठेव केली, तर तिथे पोचल्यावर ती टप्प्याटप्प्याने विद्यार्थ्यालाच परत मिळते. आता ती सक्तीची नाही, तरी पैशाचा सर्वांत स्वच्छ पुरावा तोच, म्हणून ती करावी.

अधिकारी नुसती शिल्लक बघत नाही, ती आली कुठून तेही बघतो. आमच्याकडच्या घरांत पैसा कष्टाचा असतो, पण कागदावर नसतो. आई पोळीभाजी केंद्र चालवते, काका दादरच्या फूलमार्केटमध्ये गाळा सांभाळतो, बचत भिशीत आणि पतपेढीत. दोन-तीन वर्षं आधीपासून ही कमाई बँकेतून फिरवा आणि तिचं विवरणपत्र भरा. कर थोडासाच लागेल, किंवा लागणारही नाही, पण तीन वर्षांची विवरणपत्रं हातात असणं लाखमोलाचं आहे. मामाने पैसे दिले तर बक्षीसपत्र करा आणि सोबत मामाचं बँक स्टेटमेंट, विवरणपत्र जोडा. सोनं विकलं तर सराफाची पावती ठेवा.

महिनाभरासाठी खात्यात पंधरा-वीस लाख ‘दाखवायला’ देतो आणि त्यावर व्याज घेतो, असं सांगणारे लोक स्टेशनच्या आसपास भेटतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर कॅनडात जायला पाच वर्षांची बंदी येते.

शिष्यवृत्तीसाठी मात्र जरूर धावपळ करा. परळच्या बीआयटी चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. मग १९१८ ते १९२० सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन १९२३ साली डी.एससी. मिळवली. पैशासाठी थांबावं लागलं तर त्यात कमीपणा मानू नये, हे परळच्या मुलांना वेगळं सांगायची गरज नसावी. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थी, पूर्ण फी आणि निर्वाहभत्ता, अट विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची. टोरांटो, मॅकगिल, ब्रिटिश कोलंबिया त्यात सहज बसतात. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची आहे, इतर मागासवर्गीय, आदिवासी आणि खुल्या गटासाठीही स्वतंत्र योजना आहेत. अटी दर वर्षीच्या जाहिरातीत बदलतात, म्हणून जाहिरात शब्दशः वाचा. याशिवाय १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्जशिष्यवृत्ती, दोन्ही मुंबईतल्याच आहेत. या शिष्यवृत्त्यांच्या मुलाखतीला बोलावणं आलं, एवढ्यानेही मुलांचा आत्मविश्वास वाढलेला मी पाहिला आहे.

कर्जातून फी पाठवली तर टीसीएस हा आगाऊ कर कापला जात नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर कापला जातो, आणि विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. ज्याच्या खात्यातून पैसे जाणार त्याने विवरणपत्र भरलंच पाहिजे, ते यासाठीही.

कागद

मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम निराळा. कॅनडाचा फॉर्म भरताना कुणी वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात घालतं, कुणी गाळतं. पासपोर्टप्रमाणेच सगळीकडे लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. घर पुनर्विकासात असेल तर पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असतो, त्याचाही खुलासा जोडा.

ट्रान्सस्क्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरांचे गुण एकत्र असलेला विद्यापीठाचा सीलबंद कागद. तो कालिनाच्या परीक्षा भवनातून निघतो. कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजातूनच. वेळ लागतो, म्हणून निकालाची मूळ प्रत मिळताच अर्ज करा. केटी लागली असेल तर ती ट्रान्सस्क्रिप्टवर दिसते. लपवू नका. एखाद्या विषयात केटी का लागली हे दोन वाक्यांत खरं सांगितलं, तर कुणी त्यावरून अर्ज फेकत नाही.

अभ्यासाच्या हेतूचं पत्र मात्र स्वतः लिहा. एजंटकडचा नमुना अधिकाऱ्याने शेकडो वेळा वाचलेला असतो. ‘कॅनडाचं बहुसांस्कृतिक वातावरण मला आवडतं’ या वाक्याने काहीच साधत नाही. तीन वर्षं तुम्ही लोअर परळच्या ऑफिसात काय करत होतात, कुठे अडकलात, त्या विद्यापीठातला नेमका कुठला विषय त्यावर उपयोगी पडेल, आणि परत येऊन काय कराल, एवढं सरळ लिहा. वडिलांची परळला हार्डवेअरची पेढी आहे आणि तिचा माल आता ऑनलाइन विकायचा आहे, हे कारण कुठल्याही मोठ्या शब्दांपेक्षा जास्त पटतं.

मोफत सल्ला देणाऱ्या एजंटचं पोट बहुधा विद्यापीठाकडून मिळणाऱ्या दलालीवर चालतं, हे ध्यानात ठेवा. त्याच्या यादीत नसलेल्या ठिकाणांबद्दल तो बोलणार नाही. परवान्याचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा अधिकार कॅनडाच्या कायद्याने तिथल्या परवानाधारक कायदेतज्ज्ञांना आणि सल्लागारांच्या अधिकृत नियामक संस्थेकडे नोंद असलेल्या सल्लागारांनाच आहे. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंद तपासता येते. ‘व्हिसाची गॅरंटी’ असा शब्द ऐकला की तिथून उठावं.

पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळेलच हे गृहीत धरून जाऊ नका. मार्च २०२५ मध्ये पीआरच्या गुणपद्धतीतून नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले, आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना मिळणाऱ्या बिझनेसच्या नोकऱ्यांना वेगळं प्राधान्य नाही. कामाची तीन वर्षं मिळाली तर कर्जाचा मोठा भाग फिटतो, एवढं धरून चाला, बाकी जे मिळेल ते वर.

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी चांगल्या बिझनेस स्कूलांची पहिली फेरी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बंद होते, आणि स्कॉलरशिपचा बराचसा पैसा त्याच फेरीत वाटला जातो. तेव्हा जीमॅट या प्रवेशपरीक्षेची तारीख आधी घ्या, बँकेकडून यादी मागवा, आईवडिलांचं या वर्षीचं विवरणपत्र वेळेवर भरा. हे तीन झाले की मगच विद्यापीठांची नावं निवडायला बसा.